विश्लेषण : महायुद्ध, हेर आणि विनोदाचा मास्टर… मास्टर विनायक यांनी ‘बडी माँ’ का काढला?

दुसरे महायुद्ध सुरू असतानाच इंग्लंड-अमेरिकेत हेरांची टर उडवणारे विनोदी चित्रपट एकामागून एक निघत होते. त्याच वर्षांत कोल्हापुरात मराठी विनोदी चित्रपटाचा सर्वांत मोठा दिग्दर्शक काम करत होता. खोटा आव, लपवाछपवी, चुकीच्या माणसावर चुकीचा संशय, हे सगळे हेरकथेला लागणारे सामान त्याच्याकडे भरपूर होते. पुढे युद्धाचा विषयही त्याच्याकडे आपणहून चालत आला, तोही सरकारी परवान्याच्या वाटेने. तरी त्यातून विनोदी हेरपट निघाला नाही. निघाला तो गंभीर चेहऱ्याचा ‘बडी माँ’. असे का झाले? उत्तर मास्टर विनायक यांच्या अवघ्या ४१ वर्षांच्या आयुष्यात आहे.

मास्टर विनायक कोण होते?

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. आजच्या पिढीला त्यांची ओळख बहुधा उलट्या दिशेने सांगावी लागते : ‘जब जब फूल खिले’, ‘गुमनाम’मधल्या अभिनेत्री नंदा यांचे ते वडील. पण १९३८ ते १९४५ या काळात महाराष्ट्रात हे नाव सांगायला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती.

घराणेच सिनेमाचे. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर आणि व्ही. शांताराम हे तिघेही त्यांचे नातेवाईक, तर भाऊ वासुदेव कर्नाटकी छायालेखक. विनायकांनी आधी काही काळ शाळेत शिकवले आणि मग ते प्रभात फिल्म कंपनीत आले. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात नारदाची भूमिका त्यांची होती. कळ लावून बाजूला होणारा, पण मनाने निर्मळ असा नारद. पुढे त्यांनी जो विनोद केला त्याचा स्वभाव साधारण असाच राहिला.

१९३३मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरची चित्रपटसृष्टी पोरकी होऊ नये म्हणून कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि विनायक तिथे राहिले. १९३५च्या ‘विलासी ईश्वर’पासून ते दिग्दर्शक झाले. कथा मामा वरेरकरांची, आणि शोभना समर्थ यांचा हा पहिला चित्रपट. १९३६मध्ये त्यांनी बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत हंस पिक्चर्स ही कंपनी काढली. इथून विनायकांचा खरा काळ सुरू होतो.

त्यांचा विनोद वेगळा कशामुळे होता?

हंसकडे दोन लेखक होते आणि दोघांची तोंडे दोन दिशांना. वि. स. खांडेकर ध्येयवादी आणि गंभीर, तर प्र. के. अत्रे टवाळ आणि रोखठोक. विनायक दोघांनाही घेऊन चालले. ‘छाया’ (१९३६) खांडेकरांचा, ‘धर्मवीर’ (१९३७) अत्र्यांचा. इब्सेनच्या ‘पिलर्स ऑफ सोसायटी’ या नाटकावर बेतलेल्या ‘धर्मवीर’मध्ये समाजात मोठ्या मानाने मिरवणाऱ्या ढोंग्यांचा समाचार होता. १९३८मध्ये ‘ज्वाला’ हा खर्चिक चित्रपट सपशेल पडला. त्याच वर्षीच्या ‘ब्रह्मचारी’ने मात्र कंपनीला हात दिला.

‘ब्रह्मचारी’चा नायक औदुंबर हा साधा तरुण. देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्यावरचे जळजळीत भाषण ऐकून तो पेटतो, जमवलेली नट्यांची चित्रे टाकून देतो आणि एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते आणि व्रताची वाट लागते. औदुंबर विनायकांनी स्वतः रंगवला, किशोरी मीनाक्षी शिरोडकर यांनी. पोहण्याच्या पोशाखात गाणे म्हणणाऱ्या मीनाक्षींवरून तेव्हा जो गदारोळ झाला, त्याचीच आठवण लोक आजही काढतात. पण चित्रपटाचा डंख त्या गाण्यात नव्हता. देशभक्ती, शरीरसाधना आणि ब्रह्मचर्य यांची जी मोळी त्या काळी व्यासपीठावरून विकली जात होती, तिची गाठ अत्रे-विनायकांनी सोडून दाखवली. तीही कुणाला शिवी न देता.

पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला. १९३९मध्ये मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाची दारूबंदी लागू झाली, आणि पडद्यावर नगरपालिकेतला भोळा बगाराम औषधासाठी ब्रँडी शोधत फिरू लागला. ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही! ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही तो चोरासारखा गल्लोगल्ली फिरतो, ही कल्पनाच अर्धे काम करते. दारूबंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही हसले असतील.

नंतर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ. ‘लग्न पहावे करून’मध्ये (१९४०) दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२मध्ये ‘सरकारी पाहुणे’ आला. दामुअण्णांची तिरळी नजर आणि जोगांची पहिलवानी अंगकाठी ही जोडी प्रेक्षकांच्या घरातलीच होऊन गेली.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. विनायकांच्या विनोदात हसू येते ते आपल्याच माणसांवर : आपले पुढारी, आपली व्रते, आपली लग्ने, आपली भिडस्त मध्यमवर्गीय मंडळी. परका शत्रू त्यांच्या चित्रपटात जवळजवळ नाहीच. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची अडचण इथेच आहे.

परदेशात हेरांवर कसे हसत होते?

इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉर्म्बी हा युकलेले वाजवत गाणारा नट १९४०च्या ‘लेट जॉर्ज डू इट’मध्ये गफलतीने जर्मन हेरांच्या जाळ्यात शिरला. १९४२मध्ये विल हे याने ‘द गूज स्टेप्स आऊट’मध्ये एक बावळट मास्तर जर्मनीत तोतया म्हणून पाठवला. अमेरिकेत बॉब होपला ‘माय फेव्हरिट ब्लाँड’मध्ये नाझी हेरांपासून पळत सुटावे लागले. चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) काढला, लुबिचने ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२). लुबिचच्या चित्रपटात वॉर्साची नाटकमंडळी नाझी गणवेश घालून नाझींनाच फसवते.

या चित्रपटांना एक सोय होती. शत्रू कोण, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्यावर एकमत होते. डोक्यावर बॉम्ब पडत असताना लोक त्याच शत्रूवर हसून घेत होते. सरकारलाही ते हवे होते, लोकांनाही.

भारतात ती सोय नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुठल्याही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. प्रांतांतली काँग्रेस मंत्रिमंडळे बाहेर पडली. ऑगस्ट १९४२मध्ये भारत छोडो आंदोलन सुरू झाले आणि नेते तुरुंगात गेले. एप्रिल १९४२मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडावर जपानी बॉम्ब पडले होते, डिसेंबरमध्ये कोलकात्यावर पडले. म्हणजे धोका खोटा नव्हता. पण १९४३मध्ये सुभाषचंद्र बोस त्याच जपानच्या मदतीने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करत होते, आणि त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावल्याचे मानले जाते. अशा वेळी पडद्यावर जपानचा हेर दाखवला तर प्रेक्षकाने नेमके कुणावर हसायचे? सरकारच्या लेखी जो हेर, तो एखाद्या प्रेक्षकाच्या घरात देशभक्त असू शकत होता.

कच्च्या फिल्मचा प्रश्न काय होता?

इथे थोडे तांत्रिक, पण गोष्ट त्यावरच फिरते. चित्रपट ज्या फिल्मवर घेतला जाई ती भारतात तयार होत नव्हती. ती सगळी बाहेरून, बोटीने यायची. आपल्याकडे फिल्मचा कारखाना निघाला तो स्वातंत्र्यानंतर, उटीला. युद्ध पेटताच जर्मन फिल्म बंद झाली आणि बाकीच्यांच्या बोटी लष्करी मालाने भरल्या.

१९४२मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे साधारण दोन तास दोन मिनिटे. गाण्यांसकट तीन तासांकडे झुकणारे चित्रपट काढणाऱ्यांना हा मोठाच कात्रीचा मार होता. १९४३मध्ये त्याहून कडक पाऊल पडले. कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली, आणि परवाना हवा असेल तर युद्धाला साहाय्य करणारे चित्रपटही काढा, असा सरकारचा आग्रह सुरू झाला. त्याच वर्षी चित्रपटगृहांना सरकारी माहितीपट आणि बातमीपट दाखवणे सक्तीचे झाले. त्याचे भाडेही थिएटरवाल्यांनीच भरायचे!

कोल्हापूर हे संस्थान. ब्रिटिश हिंदुस्थानचा तो थेट भाग नव्हता. पण फिल्म मुंबई बंदरात उतरे, त्यामुळे संस्थानी निर्मात्यालाही इंग्रजी परवान्याशिवाय गत्यंतर नव्हते. आपल्या हिंगोलीकरांना ही स्थिती ओळखीची वाटावी. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. इथल्या प्रजेलाही युद्धाबद्दल कुणी विचारले नव्हते, पण निजामाच्या देणगीमुळे हैदराबादचे नाव लागलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या १५२व्या स्क्वॉड्रनची स्पिटफायर विमाने १९४०मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढत होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८मध्ये जन्मतःच बंदी आली होती. युद्ध कुणाचे आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात जसा होता तसाच कयाधूकाठीही होता.

विनायकांच्या डोक्यावर कोणता भार होता?

हंस पिक्चर्सचा डाव संपल्यावर विनायक नवयुग चित्रपट या कंपनीत होते. तिथेही फार काळ जमले नाही. १९४३मध्ये त्यांनी कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची कंपनी उभी केली. स्वतःची कंपनी म्हणजे स्वातंत्र्य, असे बाहेरून वाटते. आतून पाहिले तर महिन्याच्या महिन्याला पगार. नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे, सगळे कंपनीचे पगारी नोकर असायचे. फिल्म मिळाली नाही तर चित्रीकरण बंद, आणि चित्रीकरण बंद म्हणजे कितीतरी घरांतली चूल बंद.

त्या पगारपत्रकावर एक नाव होते लता मंगेशकर.

२४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ पुण्यात वारले. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची होती. मंगेशकरांशी घरोबा असलेल्या विनायकांनी तिला काम दिले. नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये (१९४२) तिने छोटी भूमिका केली आणि गायलीही. प्रफुल्ल सुरू झाल्यावर ती त्या कंपनीत आली आणि कुटुंब कोल्हापूरला. १९४३च्या ‘माझं बाळ’मध्ये धाकट्या आशाने पहिल्यांदा चित्रपटासाठी गायले. लताचे पहिले हिंदी गाणेही विनायकांच्याच काळातले, ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटातले. मराठी चित्रपटात हिंदी गाणे, आणि तेही मातेला आळवणारे! त्या दिवसांत अशा गाण्याला दोन अर्थ सहज निघत. एक अधिकाऱ्याला सांगायचा, दुसरा प्रेक्षकांनी आपला आपण घ्यायचा.

लताला पडद्यावर काम करणे कधीच आवडले नाही. तोंडाला रंग, डोळ्यांवर दिवे, भुवया कोरायच्या, या सगळ्याचा तिला जाच वाटे. पण घर चालवायचे होते. विनायकांनी तिच्याकडून अभिनय करून घेतला म्हणून त्यांना नावे ठेवणारेही आहेत. ते अन्यायाचे वाटते. १९४३ साली कोल्हापुरात चौदा वर्षांच्या मुलीला दरमहा पगार मिळेल असे सन्मानाचे दुसरे काम कोणते होते?

‘बडी माँ’ नेमका काय होता?

कोल्हापुरातही तेव्हा युद्ध फार दूर नव्हते. १९४२मध्ये माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या पुतळ्याच्या विटंबनेने शहर गाजले होते, आणि त्यात जयाबाई हविरे, भागीरथीबाई तांबट या सामान्य घरातल्या स्त्रिया पुढे होत्या. १९४३पासून जवळच्या वळिवड्याला पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी उभी राहिली. शाळा, चर्च, बाजार असे एक पोलिश गावच पंचगंगेच्या मुलखात वसले होते. एका बाजूला इंग्रजांविरुद्धचा राग, दुसऱ्या बाजूला हिटलर-स्टालिनच्या तडाख्यातून जिवंत सुटलेली बायका-मुले. दोन्ही खरे, दोन्ही एकाच शहरात.

अशा वातावरणात प्रफुल्लने युद्धप्रयत्नांतला आपला चित्रपट हाती घेतला. भाषा हिंदी, म्हणजे बाजार अखिल भारतीय. नायिका त्या वेळची सर्वांत मोठी गायिका-नटी नूरजहाँ. सोबत ईश्वरलाल, याकूब, सितारादेवी, मीनाक्षी आणि लताही. संगीत दत्ता कोरगावकर यांचे. विषय जपानी आक्रमणाचे सावट आणि शत्रूला मिळालेला आपल्यातलाच माणूस. बडी माँ म्हणजे घरातल्या आईपेक्षा थोरली आई, मातृभूमी. चित्रपट १९४५मध्ये पडद्यावर आला.

आता मूळ प्रश्न. हेर, फितूर, संशय हा सगळा ऐवज ‘ब्रँडीची बाटली’च्या दिग्दर्शकाकडे आला असताना त्याने त्यातून धमाल का उडवली नाही?

एक कारण सरळ आहे. पैसा आणि परवाना ज्याच्या हाती, तो अशा विषयावर हसू देत नाही. जपानी धोका लोकांनी मनावर घ्यावा म्हणून सरकार फिल्म देत होते. त्यातला हेर बावळट निघाला तर भीती कशाची राहणार? लंडनमध्ये रोज बॉम्ब झेलणाऱ्या माणसाला हसवणे हीच सरकारी गरज होती, इथे घाबरवणे ही गरज होती.

दुसरे कारण विनायकांच्या स्वभावात शोधावे लागेल. त्यांचा विनोद आतल्या माणसाचा होता. जटाशंकराला हसताना ते जटाशंकराच्या सभेत बसलेल्या औदुंबरालाही हसत होते, आणि औदुंबर स्वतःच होते. युद्धावर असे हसायचे तर हसण्याचा विषय जपानी हेर झाला नसता. न विचारता युद्धात ओढली गेलेली रयत, दोन आण्यांचे तिकीट काढून सक्तीचा बातमीपट पाहणारा प्रेक्षक आणि परवान्यासाठी खेटे घालणारा निर्माता, हे झाले असते खरे विनोदी पात्रांचे संमेलन. चिमणरावाला हवाई हल्ल्याचा वॉर्डन केले असते तर काय बहार आली असती! पण तो चित्रपट कुठल्याच परवान्यात बसला नसता.

तेव्हा विनायकांनी अर्थाची दुहेरी वाट धरली. मातृभूमीवर संकट आहे, तिला वाचवा, हे वाक्य सरकारला जपानविरोधी वाटते आणि प्रेक्षकाला इंग्रजविरोधी. थोरल्या आईला कुणापासून वाचवायचे ते ज्याने त्याने ठरवावे. ही युक्ती एकट्या विनायकांची नव्हती. बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’मध्ये (१९४३) कवी प्रदीप यांनी परक्यांना देशाबाहेर हुसकावणारे गाणे लिहिले आणि त्यात जर्मनी-जपानची नावे घालून ते सेन्सॉरमधून सोडवून घेतले. लोकांना ते कुणाला उद्देशून आहे हे कळायला क्षणही लागला नाही.

चित्रपट म्हणून ‘बडी माँ’ विनायकांच्या उत्तम कामांत धरता येत नाही. ‘ब्रह्मचारी’चा खट्याळपणा त्यात नाही. गाणी मात्र राहिली, आणि राहिली ती नूरजहाँच्या गळ्यामुळे.

इतरांनी ही अट कशी निभावली?

सर्वांत चतुर तोडगा शांताराम यांनी काढला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांच्यावरचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) जपानविरोधी म्हणून युद्धप्रयत्नांत बसला आणि काँग्रेसचा म्हणून देशभक्तीतही बसला. तमिळमध्ये टी. आर. सुंदरम यांनी ‘बर्मा राणी’ (१९४५) काढला, तो सरळसोट युद्धातली हेरकथा म्हणून. अर्थात काही निर्मात्यांनी काहीतरी थातूरमातूर जोडून परवाना मिळवला आणि पुढच्या चित्रपटाला लागले.

शांताराम यांच्या तुलनेत विनायक व्यवहारात कच्चे होते, असे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहून म्हणावेसे वाटते. दर तीन-चार वर्षांनी नवी कंपनी, नवे भागीदार, नवी जुळवाजुळव. चित्रपट गाजले तरी पाया पक्का झाला नाही.

‘बडी माँ’मुळे काय घडले?

चित्रपटाच्या हेतूशी ज्याचा काडीचा संबंध नाही असे काहीतरी घडले. नूरजहाँ चित्रीकरणासाठी कोल्हापूरला आल्या असताना विनायकांनी लताला त्यांच्यापुढे उभे केले आणि गायला लावले. नूरजहाँनी ऐकले, कौतुक केले, रियाज सोडू नकोस म्हणून बजावले. हा प्रसंग लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितला. एका सरकारी अटीपोटी निघालेल्या चित्रपटाच्या सेटवर उपखंडातले दोन मोठे गळे समोरासमोर आले. एक पुढे पाकिस्तानात गेला, एक इथे राहिला.

१९४५मध्येच प्रफुल्लचा मुक्काम मुंबईला हलला. मंगेशकर कुटुंबही मागोमाग आले. मुंबईत लताने भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे गाण्याची तालीम सुरू केली. ‘सुभद्रा’ आणि ‘जीवनयात्रा’ हे विनायकांचे चित्रपट १९४६मध्ये आले. युद्ध संपले होते, फिल्मवरचे निर्बंध सैल झाले होते आणि युद्धपटांची गरज उरली नव्हती. पुन्हा ‘ब्रह्मचारी’सारखे काही करायला आता हरकत नव्हती. पण ४० वर्षांच्या विनायकांची तब्येत साथ देत नव्हती.

शेवट कसा झाला?

१९ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईत मास्टर विनायक वारले. देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले होते. (हिंगोलीला त्यासाठी आणखी १३ महिने, १७ सप्टेंबर १९४८पर्यंत थांबावे लागले.)

प्रफुल्लचा आधार गेल्यावर लतासाठी पार्श्वगायन हाच मार्ग उरला. संगीतकार गुलाम हैदर यांनी तिचा आवाज ओळखला आणि १९४८च्या ‘मजबूर’पासून तिची वाट बदलली. राजा परांजपे पुढच्या दशकात ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ घेऊन आले. ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२) पाहताना ‘ब्रह्मचारी’ची आठवण होते. तीच शहाण्यांना वेडे आणि वेड्यांना शहाणे ठरवण्याची खोड.

विनायकांच्या हातात शेवटी ‘मंदिर’ हा चित्रपट होता, तो अपुरा राहिला. दिनकर पाटील यांनी तो पुरा केला आणि १९४८मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यात त्यांच्या मुलीचे काम आहे. श्रेयनामावलीत ती बेबी नंदा आहे. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि त्यानंतर घर चालवण्यासाठी ती बालकलाकार म्हणून स्टुडिओत जाऊ लागली. १९५६मध्ये शांताराम यांनी ‘तूफान और दिया’त तिला मोठी भूमिका दिली.